अनवाणी पाऊल आणि वर्गातील सुस्ती

प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत एकदोन मुले अशी आढळतात की, ती खोडकर नसतात, सहसा गैरहजरही नसतात. परंतु शिकविलेले त्यांच्या अंगी लागत नाही. दुपारनंतर ती वहीवर मान टेकतात, खेळाच्या तासाला कडेला उभी राहतात आणि चार पावले धावली की धापा टाकतात. अशा मुलाच्या प्रगतिपत्रकावर 'अभ्यासात लक्ष नाही', 'आळशी आहे' असे शेरे पडतात. घरी तो शेरा वाचला जातो, मुलाला बोलणी बसतात आणि मूल अधिकच कोमेजते. असा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाने एक गोष्ट अवश्य करावी. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावे व त्याची खालची पापणी हलकेच खाली ओढून पाहावी. आतला भाग लालसर न दिसता फिकट पांढुरका दिसला, तर दोष मुलाच्या स्वभावात नसून त्याच्या रक्तात असण्याचा संभव फार मोठा आहे.

हा प्रश्न थोड्या मुलांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी ६७ बालके रक्तक्षीण आढळली. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. अपुरा आहार, हिवताप व काही आनुवंशिक विकार ही त्यांपैकी काही होत. पण ज्या कारणावर शाळेला रोजच्या साध्या सवयींनी उपाय करता येतो, ते कारण म्हणजे पोटातील कृमी, आणि त्यांतही विशेषेकरून अंकुशकृमी.

जमिनीतून रक्तापर्यंत

अंकुशकृमी सुमारे एक सेंटीमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा बारीक असतो. तो लहान आतड्याच्या आतील त्वचेला चिकटून रक्त शोषतो. त्याची मादी रोज हजारो अंडी घालते व ती मळावाटे बाहेर पडतात. मळ उघड्यावर पडला आणि तेथील माती ओलसर, उबदार व सावलीतील असली, की एकदोन दिवसांत अंडी फुटून अळ्या बाहेर येतात. पाच ते दहा दिवसांत त्या मनुष्याच्या अंगात शिरण्याजोग्या होतात आणि अनुकूल मातीत तीनचार आठवडे जगतात. अनवाणी पाऊल त्या मातीवर पडले की अळी कातडी भेदून आत शिरते. तेथे थोडी खाज सुटते. मूल खाजवते आणि विसरते. अळी मात्र रक्तावाटे फुप्फुसात, तेथून घशात व घशातून पोटात उतरते. पुढे काही आठवड्यांत तिचा पूर्ण वाढलेला कृमी होतो.

एक कृमी जातीप्रमाणे रोज ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घेतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु पोटात शंभर कृमी असले, तर रोजचे रक्त ३ ते २० मिलिलिटर होते. ज्या मुलाच्या ताटात लोह आधीच कमी, त्याला ही गळती कशी भरून काढता यावी?

गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी जन्मतः आळशी असतात, अशी तिकडे समजूत होती. चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने १९०२ साली त्या सुस्तीचे मूळ अंकुशकृमीत असल्याचे मांडले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या कृमीला 'आळसाचा जंतू' असे थट्टेने म्हटले. १९०९ साली तेथे रॉकफेलर यांच्या देणगीतून निर्मूलनाचे कार्य सुरू झाले. पाहणीत शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना ही बाधा आढळली. औषध देणे, शौचकूप बांधणे व लोकांना समजावून सांगणे हीच त्या कार्याची साधने होती. ज्या भागांत बाधा जास्त होती, तेथे पुढे मुलांची शाळेतील हजेरी व साक्षरता वाढल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. ज्याला लोक स्वभाव म्हणत होते, तो रोग होता.

वेळणेश्वराची माती

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव शंकराच्या प्राचीन देवालयासाठी, महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि माडांच्या रांगेमागे पसरलेल्या पुळणीसाठी सर्वांच्या परिचयाचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात येथील पायवाटा, परसू व भाताची खाचरे चार महिने ओलीच असतात. पाऊस संपला तरी नारळीपोफळीच्या आगरांत शिंपणे चालू असते आणि झावळ्यांची सावली ऊन जमिनीपर्यंत पोचू देत नाही. ज्या आगरांमुळे गाव समृद्ध व शोभिवंत झाले, त्या आगरांतील ओल, ऊब व सावली हेच अंकुशकृमीच्या अळीला हवे असते. भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणारी व उन्हाने तापणारी पुळण त्या मानाने तिला मानवत नाही. म्हणून समुद्रावर खेळणाऱ्या मुलापेक्षा परसातल्या पाणथळ कोपऱ्यात अनवाणी जाणाऱ्या मुलाची काळजी अधिक घ्यावी लागते.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतून शौचकूपे बांधली गेली, हा मोठाच लाभ होय. तथापि लहान बालकाला अंगणाच्या कडेला बसविणे, शेतावर वा वाटेत असताना उघड्यावर जाणे, एवढ्यानेही माती दूषित होऊ शकते. बालकाची विष्ठा निरुपद्रवी असते हा समज तर अगदी चुकीचा आहे. तीही शौचकूपातच टाकली पाहिजे.

पायांची सवय

आज बहुतेक घरी चपला आहेत. तरीही शाळेत एक विसंगती दिसते. मुले वर्गाच्या दाराशी चपला काढतात, ही रीत चांगली आहे. पण मधल्या सुटीत तीच मुले तशीच अनवाणी मुतारीकडे, नळाकडे आणि मैदानाच्या ओल्या कडेला धावतात. घरापासून शाळेपर्यंत जपलेले पाऊल शाळेतच उघडे पडते. यावर उपाय सोपा आहे. चपला ढिगाने न ठेवता दाराबाहेर जोडीजोडीने रांगेत, बोटे बाहेरच्या दिशेस करून ठेवाव्यात, म्हणजे बाहेर पडताना पाय आपोआप त्यांत शिरतो. ज्या मुलाकडे चपला नसतील, त्याला वर्गासमोर विचारू नये. शाळा व्यवस्थापन समितीपुढे नाव न घेता ती गरज मांडावी.

कोकणात बाहेरून आल्यावर पाय धुऊन मगच घरात जाण्याची जुनी रीत आहे. ती जरूर पाळावी. मात्र अळी थोड्या वेळातच कातडीत शिरू शकत असल्याने पाय धुणे हे चपलेची जागा घेऊ शकत नाही. लावणीच्या चिखलात चप्पल चालत नाही, हेही खरे आहे. तेथे गुडघाभर रबरी बूट मिळाले तर उत्तम. निदान पायाला जखम असलेल्या मुलाने खाचरात उतरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांवाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. खाचरात काम केल्यावर ताप आला व पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्यावी.

हातांची सवय

दुसऱ्या जातीचे जंत पायावाटे येत नाहीत. त्यांची अंडी मातीने माखलेल्या हातांतून, वाढलेल्या नखांतून व न धुतलेल्या फळभाज्यांतून तोंडात जातात. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने निदान वीस सेकंद हात धुणे आणि आठवड्यातून एकदा नखे कापणे, एवढ्याने यांतील मोठा धोका टळतो. नुसत्या पाण्याने हात ओले होतात, स्वच्छ होत नाहीत.

येथेही उपदेशापेक्षा सोय अधिक काम करते. साबणाची वडी कार्यालयाच्या कपाटात असेल, तर ती कोणी मागून घेणार नाही. तीच जुन्या जाळीच्या पिशवीत घालून नळाशी टांगली, तर प्रत्येक हात तिच्याकडे वळेल. मध्यान्ह भोजनाची घंटा आणि हात धुण्याची घंटा अशा दोन घंटा दहा मिनिटांच्या अंतराने द्याव्यात आणि शिक्षकांनी स्वतः मुलांच्या रांगेत उभे राहून हात धुवावेत.

गोळी आणि ताट

सवयींनी नवी बाधा टळते. पोटात असलेले कृमी औषधानेच जातात. देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ पासून पाळला जाऊ लागला. त्या मोहिमेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती चावून खावयाची असते. आजारी मुलाला ती त्या दिवशी देऊ नये. गैरहजर व आजारी मुलांची यादी करून नंतरच्या ठरलेल्या दिवशी ती द्यावी. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहान मुलांना गुलाबी व दहा वर्षांवरील मुलांना निळी, जेवणानंतर आपल्यासमोर घ्यावयास लावावी. तिने शौचाचा रंग काळसर होतो. त्याने घाबरू नये, असे पालकांना आधीच सांगावे.

गेलेले रक्त भरून काढण्यास गावचे अन्न पुष्कळ उपयोगी आहे. कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील टाकळ्याची भाजी आणि मासे हे सर्व वेळणेश्वरी मिळण्याजोगे आहे. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. मुलांचा चहा सुटला तर उत्तमच. न सुटल्यास तो जेवणापासून तासभर तरी दूर ठेवावा.

सहासष्ट दिवस

लंडन येथे ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सुमारे ६६ दिवस लागल्याचे दिसून आले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असे अनुमान निघाले. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. जूनच्या मध्यास शाळा उघडते; तेथून ६६ दिवस मोजले, तर ऑगस्टचा तिसरा आठवडा येतो. हाच काळ ओल्या मातीचा व म्हणून सर्वाधिक धोक्याचा. तेव्हा चपलांची रांग, हात धुण्याची घंटा आणि नखांचा शनिवार हे तीन नियम शाळा उघडताच सुरू करावेत व गणेशोत्सवाच्या सुटीपर्यंत निष्ठेने चालवावेत. एखादे दिवशी खंड पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे.

आणि ज्या मुलाची पापणी फिकट दिसली, ज्याची जीभ व नखे पांढुरकी आहेत, जे माती खाते वा चढावर दमते, त्याच्या पालकांना बोलावून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणीसाठी नेण्यास सांगावे. निदान करणे हे वैद्याचे काम आहे. परंतु त्या मुलाला रोज पाच तास पाहणारी व्यक्ती शिक्षकच असते. तपासणीचा निर्णय हाती येईपर्यंत प्रगतिपत्रकावरील शेऱ्याची जागा कोरी ठेवावी.