जुळणीची मोटार कीं कारखान्यांतली?



‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्या जोडीला ‘मोटार पाहावी जोडून’ असें तिसरें वचन घालावें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय श्रीमंती थाटाचा वाटेल; परंतु आमच्या मुळशी तालुक्यांत तो आतां गांवोगांवच्या पारावर पोंचला आहे. हिंजवडी, माण, मारुंजी या बाजूच्या पुष्कळ जमिनी गेल्या, त्यांचा पैसा घरांत आला, आणि घरांतल्या तरुण मुलास दोन आसनांची, बुटकी, वेगवान मोटार हवीशी वाटूं लागली. “गुरुजी, तयार गाडी घेऊं, कीं सुटे भाग आणून स्वतः जोडूं?” असा प्रश्न हीं मुलें मला विचारतात. मी कांहीं यंत्रविशारद नव्हे. परंतु हिशेब मांडून दाखविणें हें शिक्षकाचें कामच आहे. आणि जमिनीचा पैसा पिढ्यांतून एकदांच येतो, म्हणून हा हिशेब काळजीपूर्वक मांडला पाहिजे.

प्रथम वेगवान मोटार म्हणजे काय तें पाहूं. केवळ जोरकस इंजिन असलें म्हणजे मोटार चपळ होते असें नाहीं. समजा, एक मोटार १५०० किलो वजनाची असून तिचें इंजिन ३०० अश्वशक्तीचें आहे. दुसरी ५५० किलोंची असून तिचें इंजिन १२० अश्वशक्तीचें आहे. पहिलीच्या प्रत्येक अश्वशक्तीस ५ किलो भार ओढावा लागतो. दुसरीच्या अश्वशक्तीस ४·६ किलोंच्या आंतच. म्हणजे इंजिन अर्ध्याहूनही लहान असतां दुसरी गाडी धांव घेण्यांत पहिलीस हार जात नाहीं. शिवाय वळणावर आणि ब्रेक लावतांना हलकेपणाचा फायदा मिळतो तो निराळाच. जुळणीच्या मोटारीचें सारें आकर्षण या साध्या भागाकारांत आहे.

जुळणीची मोटार, म्हणजे जिला किट-कार म्हणतात ती, पेटींतून सुट्या भागांच्या रूपानें येते. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरचें कवच विकणारा देतो; इंजिन, गिअरपेटी, चाकांचे आंस वगैरे बहुधा एखाद्या जुन्या मोटारींतून काढून घ्यावे लागतात. ही हौस मुख्यतः इंग्लंडांत वाढली, आणि तिच्या मुळाशीं हौसेइतकाच करही होता. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनें १९५७ मध्यें ‘सेव्हन’ नांवाची अगदीं हलकी मोटार बाजारांत आणली. तयार मोटारीवर त्या वेळीं तेथें खरेदी-कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. अर्थात् गिऱ्हाईक भाग घेऊन जाई आणि आपल्या घरच्या पडवींत गाडी उभी करी. भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाईल, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका देई व गिऱ्हाइकानें ती उलट क्रमानें वाचावी, अशी गोष्ट मोठ्या चवीनें सांगतात. १९७३ मध्यें तेथें मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षीं त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती आजही तशा गाड्या तयार व सुट्या अशा दोन्ही रूपांत विकते.

“आपल्या देशांतही प्रारंभीं मोटारी सुट्या भागांतूनच जोडल्या जात ना?” असें कोणी विचारील. गोष्ट खरी आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें परदेशी भाग जोडून मोटारी उभ्या करण्यास आरंभ केला. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकन आणि नंतर फियाटच्या गाड्या जोडल्या. परंतु तेथें भाग सुटे असले तरी जबाबदारी सुटी नव्हती. स्टिअरिंग निखळलें तर गिऱ्हाईक कंपनीच्या दारांत जाऊन जाब विचारूं शकत होता. घरीं जोडलेल्या मोटारीचें स्टिअरिंग निखळलें तर जाब आरशांतल्या माणसालाच विचारावा लागतो. माझ्या मतें या दोन प्रकारच्या मोटारींतील खरा भेद येथें आहे. किंमतीचा आणि वेगाचा भेद त्यामागून येतो.

आतां दोन्ही पक्षांची बाजू क्रमानें ऐकूं.

जुळणीच्या बाजूनें बोलावयाचें तर पैसा एकदम लागत नाहीं. आज सांगाडा, सहा महिन्यांनीं इंजिन, असें सवडीनें घेतां येतें. दुसरें, ज्यानें स्वतःच्या हातांनीं ब्रेकच्या नळ्या बसविल्या, त्याला ब्रेक कां लागतो आणि कां लागत नाहीं हें कोणी शिकवावें लागत नाहीं. विद्येचा हा लाभ मी लहान मानीत नाहीं. परंतु याच बाजूस उणीवही मांडली पाहिजे. इंजिन चालू होणें ही सोपी परीक्षा. तें कसेंही बसविलें तरी बहुधा फुरफुरतें. अवघड परीक्षा सांगाड्याच्या सांध्यांची असते. वेल्डिंग वरून गुळगुळीत आणि आंतून पोकळ असूं शकतें, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं. पुढच्या चाकांचे कोन अंशभर चुकले तरी गाडी सरळ रस्त्यावर एका अंगास ओढते. शिवाय काम रेंगाळलें कीं सांगाडा गोठ्यांत धूळ खात पडतो, आणि ‘एरंडाचें गुऱ्हाळ’ म्हणजे काय याचा घरच्या मंडळींस अनुभव येतो.

कारखान्याच्या बाजूनें काय आहे? गिऱ्हाइकास वाटतें कीं आपण पत्रा, रंग आणि इंजिन विकत घेतों. वास्तविक किंमतीचा मोठा भाग आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे चाचणीचा असतो. पौड रस्त्यानें पुण्यास जातांना डाव्या हातास जी टेकडी लागते, तिच्यावर १९६६ सालीं स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही मोटार-संशोधन संस्था आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम असें सांगतो कीं, मोटार बनविणारानें आपल्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घेतला पाहिजे. या संस्थांत पुण्याची ही संस्था आहे, आणि अहिल्यानगरची लष्करी वाहनांची संस्थाही आहे. नव्या मोटारीचा नमुना तासीं ५६ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळून पाहतात. समोरच्या धडकेची आणि बाजूच्या धडकेची ही परीक्षा ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्यांस व ऑक्टोबर २०१९ पासून सर्व चालू नमुन्यांस लागू झाली. मोठा कारखाना हा खर्च हजारों गाड्यांवर वांटतो, म्हणून तो एका गिऱ्हाइकास जड जात नाहीं. ज्याला एकच मोटार करावयाची आहे, त्यानें एक गाडी आपटून दाखवावी आणि दुसरी चालवावी कीं काय?

येथेंच जुळणीचा बेत अडतो. इंग्लंडांत एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला परवाना देण्याची व्यवस्था आहे, म्हणून तेथील हौशी माणसाची गाडी रस्त्यावर येऊं शकते. आपल्याकडील नियमांचा रोख मुख्यतः कारखानदाराच्या नमुन्यावर आहे. “मग जुन्या गाडीच्या पुस्तकावर नवें कवच चढवूं,” असें कांहीं मुलें म्हणतात. तोही मार्ग मोकळा नाहीं. नोंदणीच्या पुस्तकांतील तपशील मूळ उत्पादकानें दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकानें करूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. नोंदणी नाहीं तर विमा नाहीं. आणि विमा नसतां अपघात झाला, तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई शेवटीं त्याच जमिनीच्या पैशांतून द्यावी लागेल.

या ठिकाणीं सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे या गांवची हकीकत सांगण्यासारखी आहे. यशवंतराव चव्हाण यांचें हें जन्मगांव. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतील भाग जमवून, सुमारें साठ हजार रुपये खर्चून, आपल्या मुलाच्या हौसेसाठीं एक लहानशी जीप तयार केली. दुचाकीप्रमाणें पायानें किक मारून ती सुरू होई! डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चित्र सर्वत्र पसरलें. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं त्या कारागिराचें मनापासून कौतुक केलें. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्यानें अधिकारी आज ना उद्यां ती थांबवितील, हेंही त्यांनीं सांगितलें, आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती लोहारांच्या घरीं आली. या हकीकतींत आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग आले आहेत. हातांचें कसब साठ हजारांत दिसलें. पण कुटुंबास निर्धास्तपणें रस्त्यानें नेण्यास कारखान्याचीच गाडी लागली.

तरी कारखान्याचें नांव ऐकून डोळे मिटावे असेंही नाहीं. मोटार करणें एक, आणि वर्षानुवर्षें करीत राहणें दुसरें. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं ‘मीरा’ नांवाच्या छोट्या मोटारीचे नमुने अनेक वर्षें खपून सुधारले. परंतु ती कारखान्यांतून बाहेर पडण्याचा योग आला नाहीं. दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ ही मोटार जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिला रेनो कंपनीचें दोन लिटरचें इंजिन होतें, आणि पुढें ती विकलीही गेली. पण तिचें उत्पादन टिकलें नाहीं. टाटांनीं २०१७ मध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत ‘रेसमो’ ही लहान वेगवान मोटार मांडली, ती तर बाजारांत आलीच नाहीं. यावरून घेण्यासारखा बोध असा कीं, थोड्या संख्येनें निघालेली गाडी घेतांना दहा वर्षांनीं तिची कांच, दिवा किंवा दरवाजा कोठें मिळेल, हें आज विचारून ठेवावें. भाग मिळत नसतील तर कारखान्याची मोटारही जुळणीच्या मोटारीसारखीच आपल्या गळ्यांत पडते.

मोटारीबरोबर रस्त्याचाही विचार हवा. भारतीय रस्ते परिषदेच्या प्रमाणाप्रमाणें गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर असते. गांवकऱ्यांनीं रातोरात घातलेल्या उंचवट्यास तर प्रमाणच नसतें. बुटक्या मोटारीचें पोट जमिनीपासून साधारण तितक्याच अंतरावर असतें. पौडापासून ताम्हिणीपर्यंत जातांना असे उंचवटे किती, आणि पावसाळ्यांत पाण्याखालीं न दिसणारे खड्डे किती, हें श्रोत्यांनीं मनांत मोजावें. घाटांत वेग दुप्पट केला कीं गाडी थांबण्यास ब्रेकचें अंतर चौपट लागतें, हा नियम मोटार महाग आहे म्हणून शिथिल होत नाहीं.

मग निवड कशी करावी? माझा सल्ला असा. मोटार रस्त्यावर चालवावयाची असेल तर कारखान्याची, नोंदलेली, विमा उतरलेली, आणि जिचे भाग पुण्यांत मिळतात अशीच घ्यावी. तीही घर, शिक्षण आणि म्हातारपण यांची तरतूद झाल्यावर उरलेल्या पैशांत. ज्याला खरोखर हातानें मोटार जोडण्याची हौस आहे, त्यानें ती हौस मारूं नये. तिला योग्य अंगण द्यावें. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः मोटार रचून २००७ पासून मध्यप्रदेशांत पीथमपूर येथील ‘बाहा’ स्पर्धेंत उतरत आले आहेत. तेथें गाडी धांवण्यापूर्वीं परीक्षक तिची तपासणी करतात, आणि ती सार्वजनिक रस्त्यावर येत नाहीं. ज्याचें शिक्षण संपलें आहे, त्यानें एखादी जुनी, कागदपत्रांनिशीं नोंदलेली मोटार घेऊन ती मूळ स्वरूपांत दुरुस्त करावी. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठीं सरकारनें २०२१ मध्यें नोंदणीचे स्वतंत्र नियमही केले आहेत. मात्र त्या गाड्या प्रदर्शन, संचलन अशा प्रसंगींच बाहेर काढतां येतात.

आणि वडील मंडळींस एक विनंती. मुलगा मोटारीचा हट्ट धरतो म्हणून त्याच्यावर डोळे वटारूं नका. त्याला घेऊन बसा, कागद पुढें ओढा, आणि त्यावर तीन प्रश्न लिहा: हा पैसा गेला तर घर चालेल काय? ही गाडी कोणत्या रस्त्यानें जाणार? आणि उद्यां कांहीं मोडलें अगर कोणी जखमी झालें, तर उत्तर देणारा कोण? उत्तरें मुलाकडूनच लिहवून घ्या. तिन्ही उत्तरें समाधानकारक आलीं, तर किल्ली खुशाल त्याच्या हातीं द्यावी.