मंडुवाडीहचं बनारस

पुण्याहून काशीला आठवड्यातून एकदा ज्ञानगंगा एक्स्प्रेस जाते. मधली काही वर्षं तिच्या डब्यांवर शेवटच्या स्थानकाचं नाव ‘मंडुवाडीह’ असं होतं. काशीला निघालेली म्हातारी माणसं ते नाव वाचून थबकत आणि गाडी नक्की काशीलाच जाते ना, असं विचारत. जात काशीलाच होती. 15 जुलै 2021 रोजी त्या स्थानकाचं नाव ‘बनारस’ झालं. पाटी चार भाषांत लिहिली गेली: हिंदी, इंग्रजी, उर्दू आणि संस्कृत. संस्कृतात ‘बनारसः’.

जुनं नाव मात्र समजून घेण्याजोगं आहे. पूर्वांचलात ‘डीह’ म्हणजे गावाची मूळ, उंचवट्यावरची जागा. आपण जिला पांढरी म्हणतो, तीच. डीहबाबा हा तिथला गावराखण्या देव. म्हणजे मंडुवाडीह हे शहराच्या नैर्ऋत्येचं एक जुनं खेडं. शेजारीच लहरतारा. कबीर तान्हे असताना तिथल्या तळ्यात सापडले, असं परंपरा सांगते.

आपल्या माणसांची काशीची वाट फार जुनी. पैठणच्या एकनाथांनी आपलं भागवत काशीत पूर्ण केलं. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभारलं. हे सगळं रेल्वेच्या आधीचं. पुढे 1862 मध्ये कलकत्त्याची गाडी काशीसमोरच्या काठापर्यंत आली. 1870 मध्ये जबलपूरला दोन लोहमार्ग जुळले आणि मुंबईतून थेट आगगाडीने गंगेपर्यंत जाता येऊ लागलं. पण नदी आडवीच होती. समोर घाट दिसत असताना पैलतीरी उतरायचं आणि गंगा वेगळी ओलांडायची. 1887 मध्ये राजघाटाजवळ डफरिन पूल झाला, तेव्हा कुठे गाडी शहरात शिरली. त्यालाच आज मालवीय पूल म्हणतात आणि काशी नावाचं छोटं स्थानक त्याच्या तोंडाशीच आहे.

मंडुवाडीह त्या मोठ्या वाटेवर नव्हतं. ते होतं बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या मीटरगेजवर. रुळांमधलं अंतर एक मीटर, डबे अरुंद. प्रयागजवळ गंगेवर इझट पूल 1912 साली झाला आणि काशी ते प्रयाग ही दुसरी वाट जुळली. ज्ञानपूर, माधोसिंग अशा गावांची माणसं तिने शहराकडे येत. काशी आणि प्रयाग या दोन तीर्थांना जोडणाऱ्या त्या साध्या गाड्यांचं मोल मला मोठ्या मेलगाड्यांपेक्षा कमी वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर शेजारी कारखाना आला. 23 एप्रिल 1956 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी डिझेल इंजिनांच्या कारखान्याची पायाभरणी केली. 1964 च्या जानेवारीत पहिलं इंजिन बाहेर पडलं. लोकांच्या तोंडी ‘डीएलडब्ल्यू’ हेच नाव राहिलं, आता अधिकृत नाव बनारस रेल इंजिन कारखाना. या भागाचं खेडेपण तिथून ओसरू लागलं. नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून मोठे रूळ पडले आणि देशभरच्या गाड्यांना मंडुवाडीहचं दार उघडलं.

मग या स्थानकाने खरं काम अंगावर घेतलं. गाडी जिथे संपते तिथे तिला नुसता फलाट पुरत नाही. डबे धुवायचे, खालून तपासायचे, पाणी भरायचं, चादरी बदलायच्या आणि परतीपर्यंत ती कुठेतरी उभी करायची. कँट म्हणजे वाराणसी जंक्शन तर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांनी सदा तुंबलेलं. त्यामुळे इथेच संपणाऱ्या गाड्यांचा भार मंडुवाडीहकडे आला. रात्री निघून सकाळी दिल्लीला पोचवणारी शिवगंगा एक्स्प्रेस इथलीच. नवी इमारत उभी राहिली, विमानतळासारखी झगमगती. प्रतीक्षालयं, मुक्कामाच्या खोल्या, खाण्याची सोय, सगळं आलं. 8 नोव्हेंबर 2025 रोजी खजुराहोची वंदे भारतही इथूनच सुरू झाली.

जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या शहरात वाराणसी जंक्शन, वाराणसी सिटी, काशी आणि बनारस अशी चार वेगळी स्थानकं आहेत. जंक्शनचा संकेत बीएसबी, बनारसचा बीएसबीएस, फरक एका अक्षराचा. दोघांत चारेक किलोमीटरचं अंतर. परतीच्या तिकिटावरचा संकेत नीट पाहूनच रिक्षात बसा, विशेषतः बरोबर वयस्कर माणसं असतील तर.

नाव बदललं त्याला माझा विरोध नाही. बनारस हा शब्द विणकरांच्या मागावर, गायकांच्या घराण्यात, पानाच्या टपरीवर रोज जगतो. 1956 मध्ये शहराचं सरकारी नाव वाराणसी झालं, तरी तो लोकांच्या तोंडून गेला नाही. तो एका ठसठशीत पाटीवर यावा, हे योग्यच. पण त्यासाठी एका गावाची पांढरी पुसायला नको होती. आसपासच्या वस्तीचं आणि पोलीस ठाण्याचं नाव अजून मंडुवाडीहच आहे. रेल्वेने पहिल्या फलाटावर एक छोटी पाटी लावावी: पूर्वीचं नाव मंडुवाडीह.