मुंडावळ्या आधी, कपाळ मागाहून

लग्नघरी रुखवताची मांडणी पाहावयास जाणे हा आमच्या बेळगाव-निपाणी भागातील स्त्रियांचा जुना छंद. लोकरीचे तोरण, मण्यांचा ससा, आणि मागे भिंतीला टेकवून ठेवलेले काचेवरचे चित्र: काळ्या रेषांचा मोर आणि त्याच्या निळ्या-हिरव्या पिसाऱ्यामागे चुरगळलेला चंदेरी कागद. हा कागद पुष्कळदा सिगारेटच्या पाकिटातला असे. तंबाखूच्या गावाने कलेची केलेली ही एक सेवाच म्हणावयाची! आता रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते. त्याबद्दल त्रागा करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. नोकरी सांभाळून बोहल्यावर चढणाऱ्या मुलीने महिनाभर मणी ओवीत बसावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जवळच्या माणसाला आहेर म्हणून काचचित्र द्यावयाचे असेल, तर ते स्वतःच्या हाताने करावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

ही कला मूळची आपली नव्हे. अठराव्या शतकात चीनच्या कँटन बंदरातून काचचित्रे हिंदुस्थानात आली आणि येथील चित्रकारांनी ती विद्या उचलली. मराठी माणसाला जवळचे उदाहरण तंजावरचे. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८-१८३२) यांच्या आश्रयाने बहरलेल्या तेथील चित्रकलेत लाकडी फळीप्रमाणे काचेवरही देवदेवता रंगविल्या गेल्या. जया अप्पासामी या विदुषीने १९७० साली काचेवरील भारतीय चित्रांवर एक ग्रंथच लिहिला आहे. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, छापील लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात मिळू लागल्या आणि काचचित्रकारांचे गिऱ्हाईक आटत गेले.

या चित्राची सारी चाल उलटी. काचेच्या मागल्या बाजूने रंगवावयाचे आणि पुढल्या बाजूने पाहावयाचे. त्यामुळे कागदावर जे अखेरीस करतात ते येथे प्रथम करावे लागते. वधूवरांचे चित्र असेल तर मुंडावळ्या आधी, कपाळ मागाहून. नथ आधी, चेहरा मागाहून. कुंकू विसरले आणि कपाळाचा रंग भरून झाला, की ते लावावयास पुन्हा जागा नाही. रंग खरवडावा लागतो. प्रथम काळ्या रेषा, त्या वाळल्यावर दागिने व डोळे, मग अंगाचा रंग, मग वस्त्रे आणि शेवटी पार्श्वभूमी. काच साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून घ्यावी. बोटाचा तेलकट डाग राहिला तर तेथे रंग धरत नाही. शाळेतले पाण्याचे रंग वापरू नयेत. काच ते शोषून घेत नाही आणि बेळगावच्या पावसाळ्यात त्यांचे पोपडे सुटतात. तेलाचे किंवा एनॅमलचे रंग घ्यावेत. चंदेरी कागद लावावयाचा तर त्यावरचा रंग पारदर्शक हवा.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची, आणि येथेच घोटाळे फार होतात. छापील गणपती काचेखाली ठेवून जसाच्या तसा गिरविला, तर पुढून पाहताना डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो! उजव्या सोंडेचे सोवळे कडक, अशी आपल्याकडे समजूत. तेव्हा नव्या सुनेच्या हातून आलेले असे चित्र देवघरात ठेवावे की नाही, यावर घरात खल सुरू होतो. लक्ष्मी नारायणाच्या उजवीकडे जाते, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. उपाय सोपा आहे: मूळ चित्र खिडकीच्या काचेला लावून त्याच्या पाठीवर रेषा उमटवून घ्याव्यात आणि ती पाठ वर करून कागद काचेखाली ठेवावा.

अक्षरांचेही तसेच, आणि आमच्या भागात अक्षरांचा प्रश्न साधा नाही. मराठी घरातील मुलगी कन्नड घरात, कन्नड घरातील मुलगी मराठी घरात, अशी लग्ने येथे होतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून पाटीवर कोणती लिपी असावी यावरून या भागाने पुष्कळ सोसले आहे. त्या वादाची ही जागा नव्हे. वधूवरांच्या नावांची काच म्हणजे काही सरकारी पाटी नाही. जिच्या घरात ती टांगली जाणार, त्या सासूबाईंना ती वाचता आली पाहिजे. बाशिंग हा शब्द दोन्ही भाषांना ठाऊक आहे. मग एका बाशिंगाखाली दोन लिप्यांना जागा का नसावी? एका नावाखाली नागरी, दुसऱ्याखाली कन्नड, असे न करता दोन्ही नावे दोन्ही लिप्यांत लिहावीत. कन्नड अक्षरे ती भाषा लिहिणाऱ्याकडूनच कागदावर काढून घ्यावीत; त्या निमित्ताने एखाद्या शेजाऱ्याच्या ओसरीवर जाणे घडते. मग कागद उलटा करून गिरवावे. पार्श्वभूमी भरण्यापूर्वी काच आरशासमोर धरून नव्हे, तर सरळ पुढून पाहावी आणि अनुस्वार मोजावेत. आम्हां मास्तरांची ही खोड. पण पार्श्वभूमी भरल्यावर सुटलेला अनुस्वार देता येत नाही.

रंग पूर्ण वाळण्यास पुरेसे दिवस द्यावेत. लग्नाच्या आदल्या रात्री रंगवावयास बसू नये. फ्रेम करताना रंग आणि मागचा पुठ्ठा यांत थोडी पोकळी ठेवावयास सांगावे, नाहीतर उन्हाळ्यात रंग पुठ्ठ्याला चिकटतो. निपाणीहून बेळगावास एस्.टी.ने न्यावयाची झाल्यास काच आडवी ठेवू नये; कांबळ्यात गुंडाळून, उभी, मांडीशी धरून न्यावी.