फुटला, फोडला, फोडण्यात आला : मराठीतील कर्त्याचा लोप

मराठीचा कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतील 'पॅसिव्ह' यांची सांगड शालेय पुस्तकांनी इतकी घट्ट घातली आहे की, पदव्युत्तर वर्गातही 'रावण रामाकडून मारला गेला' हेच आदर्श उदाहरण म्हणून पुढे येते. वस्तुतः प्रयोग हा क्रियापदाच्या अन्वयाचा विचार आहे. 'शेतकऱ्याने विहीर खणली' येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून प्रयोग कर्मणी. कर्ता मात्र तिळभरही मागे सरलेला नाही. त्याला मागे सारण्याच्या मराठीच्या वाटा निराळ्या आहेत.

माणसारख्या दुष्काळी तालुक्यातील पाण्याचा व्यवहार त्या पाहण्यास सोयीचा आहे. १८७६-७७च्या दुष्काळात हाती घेतलेल्या म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाविषयी 'तलाव दुष्काळात झाला' एवढे म्हटले तरी पुरते. 'बांधला गेला' म्हणण्याचे कारण पडत नाही. अर्थात 'होणे' ही सर्वांत मऊ वाट. खरी कसोटी बंधाऱ्याचे पाणी एका रात्रीत वाहून जाते तेव्हा लागते. 'बंधारा फुटला' या वाक्यात कर्त्याला जागाच नाही. पाण्याचा जोर किंवा कच्चे काम एवढेच सूचित होते. 'बंधारा फोडला' यात कर्त्याचे नाव नसले तरी त्याची जागा रिकामी राहते आणि 'कोणी?' हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'फोडण्यात आला' म्हटले की हेतू, बहुधा हुकूमही, गृहीत धरला जातो. म्हणूनच 'टँकर सुरू करण्यात आले' हे तहसील कचेरीच्या पत्रकात शोभते. 'पाऊस पाडण्यात आला' हे कृत्रिम पावसाच्या प्रयोगाविषयीच म्हणता येईल. 'ण्यात येणे' हे रूप पंचनाम्यात वापरणाऱ्या कारकुनाने कर्ता लपवला असे वाटते खरे, पण हेतू त्याने नकळत कबूल केलेला असतो. जबाबदारी खरोखर पुसते ते साधे, निरुपद्रवी दिसणारे 'फुटला'.

फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे अशा जोड्या असल्यामुळे मराठीला 'जाणे'च्या साहाय्याची निकड क्वचितच भासते. 'उघडणे'सारख्या धातूत मात्र दोन्ही अर्थ एकाच रूपात येतात; 'छावणी उघडली' हे वाक्य संदर्भावाचून दुहेरीच राहते.

स्पॅनिश भाषाही बोलण्यात 'जाणे'सारखी जड रचना टाळून 'से' या शब्दावर भागवते. 'से मे रोम्पिओ एल बासो' याचा मराठी जुळा 'माझ्या हातून पेला फुटला' हा होय. तेथे 'माझ्याकडून पेला फोडला गेला' असे लिहिणारा अनुवादक बोलणाऱ्याच्या पदरी नसलेला हेतू बांधतो.