लेसोथो : डोंगरांनी राखलेला देश

लेसोथोतली सगळ्यांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर त्याहून थोडं खालीच राहतं. माखालेंग आणि सेंकू या नद्यांचा संगम होतो, ती ही जागा. इथून सेंकू दक्षिण आफ्रिकेत शिरते, ऑरेंज हे नाव घेते आणि थेट अटलांटिक महासागराला मिळते. सबंध भूभाग हजार मीटरच्या वर असलेला जगातला हा एकमेव देश. क्षेत्रफळ साधारण ३० हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २३ लाखांच्या आसपास आणि चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका. देशाच्या नावाचा तिथला उच्चार ‘लेसुटू’च्या जवळ जातो. लोक बासोथो आणि त्यांची भाषा सेसोथो.

नकाशा पाहताना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की एवढ्या मोठ्या देशाच्या पोटात हा छोटा देश वेगळा उरलाच कसा? प्रवासी पुस्तिका इथला बर्फ, धबधबे आणि घोडे यांचं कौतुक करतात. पण या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल, तर दिसणाऱ्या अर्ध्याअधिक गोष्टी कळतच नाहीत. म्हणून राजधानी मासेरूत उतरल्यावर आधी पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवरच्या थाबा बोसिऊला जावं.

हा वालुकाश्माचा, माथ्यावर सपाट असलेला डोंगर. कड्यांची उभी कपार चहूकडून फिरलेली, वर चढायला मोजक्याच घळी, माथ्यावर गुरांना पुरेल एवढा चारा आणि बारमाही झरे. १८२४ साली मोश्वेश्वे नावाचा तरुण सरदार आपली माणसं आणि गुरं घेऊन इथे आला. तो काळ प्रचंड उलथापालथीचा होता. झुलू सत्तेचा विस्तार, टोळ्यांचं स्थलांतर, दुष्काळ आणि लुटालूट यांत गावंच्या गावं उठली होती. भुकेपोटी काही टोळ्या नरभक्षक झाल्या होत्या. थाबा बोसिऊच्या वाटेवर मोश्वेश्वेचे वृद्ध आजोबा पीते मागे पडले आणि अशाच एका टोळीच्या तावडीत सापडले. पुढे ती माणसं हाती लागली तेव्हा सगळ्यांनी सूड मागितला. मोश्वेश्वेने नकार दिला. यांच्या पोटात माझ्या आजोबांची कबर आहे आणि कबरीची विटंबना मी करणार नाही, असं तो म्हणाल्याची कथा बासोथो आजही सांगतात.

या कथेत मला त्या राष्ट्राचा पाया दिसतो. मोश्वेश्वेने परागंदा झालेल्या, हरलेल्या, वेगवेगळ्या कुळांच्या लोकांना आसरा दिला, कसायला जमीन आणि पाळायला गुरं दिली आणि त्यांतून बासोथो नावाचा समाज घडवला. डोंगर त्याच्या पाठीशी होताच. नदेबेले टोळ्या आल्या, १८५२ मध्ये ब्रिटिश आले, १८५८ आणि १८६५ मध्ये बोअर, म्हणजे डच वंशाचे वसाहतकार, आले. थाबा बोसिऊ कुणालाच घेता आला नाही. रात्र झाली की हा डोंगर वाढतो, अशी शत्रूच्या मनात धास्ती होती. १८५२ मध्ये ब्रिटिश फौजेला मागे रेटल्यावर मोश्वेश्वेने त्यांच्या सेनापतीला नम्र पत्र लिहून तह मागितला. जिंकत असतानाच त्याने शत्रूला अब्रू राखून परतायची वाट दिली. या मुत्सद्देगिरीला आफ्रिकेच्या इतिहासात तोड सापडणं कठीण आहे.

बोअरांनी अखेर डोंगराखालची सुपीक जमीन गिळली. तेव्हा १८६८ मध्ये मोश्वेश्वेने स्वतः ब्रिटिश राणीचं संरक्षण घेतलं. कॅलिडन नदीच्या पश्चिमेकडची उत्तम शेती गेली ती कायमची, पण उरलेला मुलूख दक्षिण आफ्रिकेत विरघळला नाही. १८७० साली मोश्वेश्वे वारला. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला त्यात हा भाग सामील झाला नाही आणि म्हणूनच वर्णभेदी राजवट इथे पोचली नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. मोश्वेश्वेचेच वंशज लेत्सी तिसरे आज गादीवर आहेत. थाबा बोसिऊच्या माथ्यावर राजघराण्याच्या कबरींपाशी उभं राहिलं की जवळच किलोआने नावाचा सुळका दिसतो. बासोथोंची गवताची निमुळती टोपी, मोकोरोत्लो, या सुळक्याच्या आकारावरून आली असं मानतात. २००६ पासून ती राष्ट्रध्वजावर आहे.

देश राखणाऱ्या या उंचीचा दुसरा परिणाम अंगावर दिसतो. जून ते ऑगस्ट इथे हिवाळा. डोंगरात बर्फ पडतं, रात्रीचं पाणी गोठतं. म्हणून बासोथो माणूस ब्लँकेट पांघरतो आणि ते घरात झोपताना घ्यायचं पांघरूण नसून चारचौघांत मिरवायचं वस्त्र आहे. पूर्वी चामड्याची पांघरुणं असत. १८६० च्या सुमारास एका युरोपीय व्यापाऱ्याने मोश्वेश्वेला लोकरीचं ब्लँकेट भेट दिलं, राजाला ते आवडलं आणि चाल पडली. नीट पाहिलंत तर प्रत्येक ब्लँकेटवर बोटभर रुंदीचे पट्टे एकाच दिशेने गेलेले दिसतात. मुळात म्हणे हा विणकामातला दोष होता, पण लोकांनी तोच आपला केला. पांघरताना पट्टे उभेच हवेत; आडवे राहिले तर वाढ खुंटते, अशी समजूत. पुरुष उजव्या खांद्यावर पिन लावतात, बायका छातीवर. मक्याच्या कणसाची नक्षी समृद्धीची. लग्नात, बाळंतपणात, मुलग्यांच्या दीक्षाविधीत, प्रत्येक वेळी वेगळं ब्लँकेट लागतं. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात सीमेवरच्या टोळीच्या खांद्यांवर जगाने पाहिली ती हीच ब्लँकेटं. २०१७ मध्ये लुई व्हितों या फॅशन कंपनीने ही नक्षी उचलून महागडे शर्ट काढले, तेव्हा दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोत संताप उसळला. तो रास्तच होता.

आता जेवण. इथे मराठी माणसाला ओळखीचं बरंच भेटतं, आणि त्यामागे खरं नातं आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती तिथून भारतात आली आणि दख्खनची भाकरी झाली. लेसोथोत तिला माबेले म्हणतात. तिचं पीठ कोमट पाण्यात कालवून, आदल्या खेपेचं विरजण घालून उबेला ठेवतात. विरजणाला तोमोसो म्हणतात. पीठ आंबलं की गाळून शिजवायचं. तयार होतं ते मोतोहो : पातळ, आंबूस, फिकट तपकिरी, सकाळी पोटाला शांत करणारं. थोडी साखर घालतात एवढाच फरक; बाकी आपली आंबीलच. ज्वारी आणि घेवडा एकत्र शिजवून न्येक्वे होतं. मका भाजून, दळून, मीठ-साखर घातलं की लिपाबी. रानात गुरांमागे फिरणाऱ्या पोरांची ती शिदोरी.

रोजचं जेवण मात्र पापा आणि मोरोहो. पापा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात पाणी खळखळलं की पीठ वैरायचं आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचं. गोळा हंड्याची कड सोडू लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. खांदा भरून येतो. हा दांडा म्हणजे लेसोकोआना. पाऊस लांबला की गावातल्या बायका शेजारगावच्या मुखियाच्या घरातून तो पळवून आणत, मागे तिथल्या बाया धावत, आणि या झटापटीने पाऊस येतो असा समज. मोरोहो म्हणजे बारीक चिरलेली पालेभाजी, तेल-कांद्यावर परतून शिजवलेली. पालक असेल, मोहरीचा पाला असेल, नाहीतर शेतात आपोआप उगवलेला माठ. पापाचा घास बोटांनी चिमटायचा, मोरोहोत बुडवायचा. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. फक्त भाजीत मांसाच्या अर्काचा तयार मसाला पडला आहे का, ते आधी विचारून घ्यावं. मांसाहारी माणसाने मेंढीचं मटण खावं. मासेरूत टॅक्सीतळावर सकाळी तळून काढलेले माक्वेन्या मिळतात. मैद्याचे, फुगलेले, गरम, चहासोबत खायचे गोळे. पंचतारांकित न्याहारीपेक्षा मी ते कधीही पसंत करीन.

खेड्यातून जाताना काठीला बांधलेलं फडकं दिसतं. ती घरच्या विक्रीची पाटी. पांढरं असेल तर ज्वारीची घरगुती बिअर, जोआला. लाल असेल तर मटण, हिरवं असेल तर भाजी. आत जाण्यापूर्वी अभिवादन मात्र चुकवू नये. मोठ्या पुरुषाला ‘न्ताते’, बाईला ‘म्मे’, तरुणाला ‘अबूती’, तरुणीला ‘औसी’. म्हणजे बाप, आई, भाऊ, बहीण. ‘लुमेला, न्ताते’ म्हटल्याशिवाय इथे वाटसुद्धा विचारत नाहीत. आधी माणूस, मग काम, ही रीत मला फार मोलाची वाटते.

घरं दगडामातीची, गोल, गवताने शाकारलेली. ओल्या गिलाव्यावर बायका बोटांनी आणि काट्यांनी नांगरटीच्या सरींसारखी नक्षी ओढतात, ती लितेमा. पावसाने ती धुऊन जाते आणि पूर्वजांनी पाऊस धाडला म्हणून त्याचा आनंदच होतो. पुढच्या वर्षी नवी काढायची. मासेरूच्या पूर्वेला ‘हा कोमे’ या गावात तर कड्याच्या पोटाखालीच मातीची घरं बांधली आहेत. १९ व्या शतकातल्या त्या धामधुमीत लोक तिथे लपले आणि त्यांचे वंशज अजून राहतात.

पुढचे डोंगर घोड्यावरून पाहावेत. बासोथो पोनी बुटका, पण निसरड्या दगडावर पाऊल चाचपून टाकणारा. उतारावर लगाम सैल सोडून त्याच्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच आपलं काम. सेमोंकॉन्गजवळ मालेत्सुन्याने नदी १९२ मीटर खाली कोसळते. वाटेत कुठेतरी गुराखी पोरगा लेसिबा वाजवताना भेटतो : एका काठीला ताणलेली तार, टोकाला पिसाचा कणा, त्यावर फुंकर. स्वर काठीतून येतो की गळ्यातून, तेच कळत नाही. ही पोरं लहानपणीच गुरांमागे जातात, म्हणून लेसोथोत शिकलेल्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. त्या पोराचा फोटो काढताना ही बाजू ध्यानात असावी.

कारण या डोंगरांनी राखलं खूप, पिकवलं थोडं. लागवडीची जमीन जेमतेम दहावा हिस्सा, तीही ओघळींनी खाल्लेली. म्हणून पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत गेले. १९८० च्या दशकात ही संख्या लाखावर होती. खाणी आटल्या तशा कपड्यांच्या गिरण्या आल्या. बायका तिथे अमेरिकेसाठी जीन्स शिवू लागल्या. मार्च २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकी काँग्रेससमोर या देशाचं नाव कुणी ऐकलेलंही नाही असं म्हटलं. एप्रिलमध्ये त्यांनी लेसोथोवर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, ते पुढे १५ टक्क्यांवर आलं. दरम्यान अनेक बायकांचं काम गेलं होतं.

डोंगराकडे विकायला एक गोष्ट आहे, पाणी. १९८६ च्या कराराने दक्षिण आफ्रिकेसोबत मोठी जलयोजना सुरू झाली. मालिबामात्सो नदीवरचं कात्से धरण १८५ मीटर उंच, दुहेरी कमानीचं. तिथे जाणारा रस्ता ३,०९० मीटरवरच्या माफिका लिसिऊ खिंडीतून जातो आणि तिथून खाली पाहताना छाती दडपते. पाणी डोंगर पोखरून काढलेल्या लांब बोगद्यांतून उताराने वाहत जातं, वाटेत मुएला इथे वीज देतं आणि १९९८ पासून जोहान्सबर्ग परिसराची तहान भागवतं. त्याचा मोबदला सरकारी तिजोरीत येतो. पण ज्यांची शेतं आणि कुरणं पाण्याखाली गेली, त्यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. धरणावर गेलात तर भिंतीसोबत काठावरची गावंही पाहा. एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी : या योजनेत लाच घेतल्याबद्दल प्रकल्पाच्या माजी प्रमुखाला आणि लाच देणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीला याच छोट्या देशाच्या न्यायालयाने २००२ मध्ये दोषी ठरवलं.

बहुतेक पर्यटक दक्षिण आफ्रिकेतून जीपने सानी खिंड चढतात, २,८७६ मीटरवरच्या उपाहारगृहात फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. तो लेसोथो नव्हे. किमान आठवडा ठेवा : थाबा बोसिऊ, मोरिजाचं संग्रहालय, सेमोंकॉन्ग, कात्से, आणि त्यातल्या दोन-तीन रात्री गावात. सप्टेंबरात पीचची झाडं फुललेली असतात. नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि हिरवळ. बर्फ पाहायचं तर जुलै, पण गाडी डोंगरी रस्त्याची हवी. जमिनीवरून जायचं तर दक्षिण आफ्रिकेतूनच आत-बाहेर करावं लागतं, तेव्हा तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते निघण्याआधी पाहून घ्या. लेसोथोचं चलन लोती, अनेकवचनी मालोती, किंमत रँडइतकीच. रँड तिथे सगळीकडे चालतो, मालोती मात्र दक्षिण आफ्रिकेत सहसा कुणी घेत नाही. हातातले मालोती तिथेच खर्चून या.