मासिक धर्माची अनियमितता आणि व्यायाम

लोहारा हें यवतमाळ शहरास अगदीं लागून असलेलें गांव. तेथील काय किंवा शहरांतील काय, एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलीची पाळी तीन तीन महिने येईनाशी होते, हनुवटीवर राठ केस दिसूं लागतात, वजन वाढतें. तेव्हां घरांत पहिली कुजबूज होते ती तिच्या लग्नाची. डॉक्टरांची आठवण मागाहून होते. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या नांवानें ओळखला जाणारा हा विकार दर दहा स्त्रियांत सुमारें एकीस असतो, आणि पुष्कळजणींना तो आपणांस आहे याचा पत्ताहि नसतो.

१९३५ सालीं शिकागो येथील स्टाइन व लेव्हेन्थाल या डॉक्टरांनीं अशा सात स्त्रियांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या काळीं उपाय म्हणजे शस्त्र. अंडाशयाचा कांहीं भाग कापून काढीत. आज पहिला उपाय म्हणून आहार व व्यायाम सांगितला जातो, आणि त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. या विकारांत बहुधा स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहींत. मग शरीर तें अधिकाधिक निर्माण करतें, आणि हें जादा इन्सुलिन अंडाशयास पुरुषी संप्रेरकें वाढविण्यास भाग पाडतें. परिणामीं बीजपुटक अर्ध्या वाढीवरच थबकतात. सोनोग्राफींत दिसणाऱ्या 'गाठी' त्या ह्याच. उलट, आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहतां रक्तांतील साखर ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनलाहि अधिक दाद देतात. म्हणून आठवड्याचा सारा व्यायाम रविवारीं उरकणें फारसें उपयोगाचें नाहीं. कांटा हलला नाहीं म्हणून हिरमुसून जाण्याचेंहि कारण नाहीं. वजन तेंच राहिलें तरी हा लाभ होतोच.

"घरकाम काय थोडें आहे?" असें गृहिणी विचारतील. काम पुष्कळ आहे, पण त्यांतील बरेंचसें उभ्यानें व सावकाश होणारें. त्यानें पाय दुखतात, श्वास वाढत नाहीं. आजीबाई जात्याचें कौतुक सांगतात खऱ्या, परंतु पिठाची गिरणी आली तेव्हां जातें कोपऱ्यांत सारणाऱ्याहि त्याच! चालतांना बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतकी गति असावी. आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें असें चालणें, किंवा धांवणें, दोरीवरच्या उड्या यांसारखा जोरकस व्यायाम ७५ ते १५० मिनिटें. शिवाय दोन दिवस, लागोपाठ नव्हे, उठाबशा किंवा वजन उचलण्यासारखा स्नायू बळकट करणारा व्यायाम. शाळकरी मुलींना रोज एक तास हवा. अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असलेल्या या विदर्भांत लेझीम कोणास शिकवावी लागूं नये. फुगडी-झिम्मा तर घरचाच. वैशाखांत मात्र सूर्योदयापूर्वींच बाहेर पडावें.

औषध चालूं असल्यास तें व्यायामाच्या भरंवशावर सोडूं नये. तीन महिने पाळी आली नाहीं, तर थायरॉइडचा दोष अथवा गर्भधारणा नाहीं ना, हें आधीं डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. आणि त्या दिवशीं आईनें मुलीबरोबर स्वतः जावें.