चार बोटे पुढे, चार बोटे मागे

मालवाहू गाडीत इंजिन कुठे बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता बॉनेटखालच्या मोकळ्या जागेचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो हौद्याची लांबी, चाकांवर पडणारे वजन आणि इंजिनाची ताकद मागच्या आसाच्या हाउसिंगपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट या तिघांच्या ओढाताणीचा असतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात ही ओढाताण ठळकपणे दिसते, कारण येथील माल एकसारखा नाही. निपाणीची तंबाखू बोदांत भरली की वजनाच्या मानाने फार जागा व्यापते, गुळाच्या ढेपा थोड्या जागेत गाडीच्या स्प्रिंगचे पाटे सपाट करतात, आणि बेळगावची भाजी गोव्याला पोहोचण्यासाठी चोर्ला घाट उतरते.

महिंद्रच्या जुन्या गाड्यांत या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी सापडतात. विलीज जीपच्या घराण्यातील पिकअपमध्ये इंजिन बॉनेटखाली, पुढच्या आसाच्या आसपास असते; त्यामुळे दुरुस्तीला हात सहज पोहोचतो, मात्र गाडीच्या लांबीतला मोठा हिस्सा नाकाडातच खर्च होतो. 1965 पासून महिंद्रने बनवलेल्या एफसी-150 मध्ये हाच हिशेब उलटा मांडलेला होता. 1956 च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या या रचनेत चालकाची केबिनच पुढे सरकवून इंजिनावर बसवली होती, म्हणून अवघ्या 81 इंचांच्या, म्हणजे सुमारे 206 सेंटिमीटरच्या चाकांतरावरही लांब हौदा मिळाला. चाकांतर म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर. या सोयीची किंमत अशी की इंजिन, केबिन आणि माणसे पुढच्या चाकांवर एकवटली, आणि रिकाम्या गाडीने जोरात ब्रेक मारताच मागची बाजू हलकी पडू लागली. तिला खाली धरण्यासाठी अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या भागात चक्क बिडाचे वजन बसवले होते. माल वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीने जन्मतःच ओझे घेऊन फिरावे, यात थोडा विनोद आहेच. पुढे 2005 मध्ये टाटा एसने दोन सिलिंडरांचे 702 सीसीचे छोटे इंजिन बैठकीखाली बसवून तोच विचार अधिक सुटसुटीतपणे अमलात आणला.

आज हा प्रश्न उभा राहतो तो जुनी पिकअप नव्याने उभी करताना, विशेषतः मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवायचे ठरते तेव्हा. अशा वेळी वजन मागे यावे म्हणून इंजिन होईल तेवढे केबिनकडे ढकलावे, असा सल्ला हमखास दिला जातो, पण साधे गणित त्याला फारशी साथ देत नाही. चाकांतर अडीच मीटर आणि इंजिन 200 किलोचे धरले, तर ते 10 सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटे, मागे सरकवल्याने पुढच्या आसावरचा भार केवळ 8 किलोंनी घटतो, आणि तेवढ्यासाठी केबिनचा पुढचा पत्रा कापणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

तीच चार बोटे इतरत्र मात्र निर्णायक असतात. इंजिन पुढे गेले की फॅन रेडिएटरला भिडतो. रबरी फाउंडेशनवर बसलेले इंजिन ब्रेक लागताच पुढे झुकत असल्याने दोहोंत निदान इंचभर अंतर लागतेच. इंजिन खाली गेले तर खड्ड्यात पाटे दबताच पुढचा आस तेलाच्या चेंबरवर आदळतो, आणि वर गेले तर बॉनेट बसत नाही. इंजिन मागे नेताना गियरबॉक्सही मागे जातो, म्हणून गियरच्या दांड्याचे भोक बैठकीखाली येते आणि प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो. आखूड शाफ्टला पाटे वरखाली होताना अधिक तिरपे व्हावे लागते, आणि तिरप्या शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे दोन दिशांना वळणारा सांधा, एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो व दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले आणि गियरबॉक्सचा शाफ्ट व हाउसिंगचे नाक समांतर राहिले, तर एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. म्हणूनच इंजिन बहुधा दोन-तीन अंश मागे कललेले बसवतात.

यावरून कामाचा क्रम ठरतो. गाडी चाकांवर सपाट जमिनीवर उभी करून इंजिन गियरबॉक्ससह चेनपुलीला टांगावे, मागची जागा शाफ्टवरून आणि पुढची फॅनवरून पक्की करावी, चेंबरखालचे अंतर तपासावे, आणि त्यानंतरच फाउंडेशनचे ब्रॅकेट बनवावेत. आधी ब्रॅकेट जोडून मग इंजिन त्यांत कोंबणे हे उफराटे काम होय. ब्रॅकेट चासीच्या उभ्या बाजूला बोल्टने धरावेत, कारण वरच्या किंवा खालच्या कडेवर आडवे वेल्डिंग केल्यास चासीला तिथेच तडा जाण्याचा धोका असतो. इंजिन आणि गियरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तर त्यांच्यामध्ये जाड पोलादी प्लेट लागते, आणि तिचे मध्यभोक किंचित जरी सरकले तरी क्लच थरथरतो. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि लेथची परंपरा असल्याने असे काम गावातल्या गावात होऊ शकते. कागदपत्रांचे पथ्यही या क्रमात आधीच येते, कारण मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला मनाने करता येत नाही. म्हणून बेळगावच्या केए 22 किंवा चिक्कोडीच्या केए 23 नोंदणीच्या गाडीत इंजिन बदलण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे जावे लागते.

शाफ्टचा कोन मात्र दोनदा मोजावा लागतो, एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा भरलेल्या, कारण गुळाने हौदा भरताच मागचे पाटे दबून हाउसिंग चासीच्या जवळ येते व सगळे कोन बदलतात. रिकामी असताना गुळगुळीत चालणारी पिकअप निपाणीजवळच्या तवंदी घाटात भरल्या मालानिशी एका ठरावीक वेगाला घुमू लागली, तर दोष पुष्कळदा इंजिनात नसतो. गियरबॉक्सखाली किंवा हाउसिंगच्या बैठकीत पातळशी पाचर सरकवून तो घालवता येतो.